विश्लेषण : सुट्टीच्या भाड्यातून वाचणारी जुनी घरे… इंग्लंडमधील ‘लँडमार्क’ प्रयोग नेमका काय आहे?

इंग्लंडच्या ग्रामीण भागात सुट्टीसाठी चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचे घर भाड्याने मिळते. ओकच्या तुळया, पेंढ्याने शाकारलेले छप्पर, डोके वाकवून आत जावे लागेल असे दार आणि शेकोटीभोवतीची खोली, असे या घरांचे रूप पर्यटकांच्या छायाचित्रांतून जगभर पोहोचले आहे. मात्र यातील अनेक घरे एके काळी पाडली जाणार होती. ती वाचली ती सुट्टीच्या भाड्यामुळे. दुसरीकडे, याच सुट्टीच्या घरांमुळे गावातील तरुणांना राहायला घर मिळत नाही, अशी तक्रार कॉर्नवॉलपासून यॉर्कशायरपर्यंत ऐकू येते. जुने घर वाचवायचे तर पैसा कोणी द्यायचा आणि त्या घरात राहायचे कोणी, या दोन प्रश्नांचा हा आढावा.

‘लँडमार्क ट्रस्ट’ काय आहे?

ही ब्रिटनमधील धर्मादाय संस्था. सर जॉन स्मिथ आणि त्यांच्या पत्नी लेडी ख्रिश्चन स्मिथ यांनी १९६५ मध्ये ती स्थापन केली. मोडकळीस आलेली ऐतिहासिक वास्तू विकत किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घ्यायची, काळजीपूर्वक दुरुस्त करायची आणि नंतर सुट्टीसाठी भाड्याने द्यायची, अशी तिची पद्धत आहे. भाड्याचे उत्पन्न वास्तूंच्या देखभालीवर खर्च होते. दुरुस्तीचा सुरुवातीचा मोठा खर्च मात्र भाड्यातून निघत नाही. त्यासाठी देणग्या, मृत्युपत्राद्वारे मिळालेल्या रकमा आणि राष्ट्रीय लॉटरीतून वारसा संवर्धनासाठी मिळणारे अनुदान यांवर भिस्त असते. आज संस्थेकडे सुमारे २०० वास्तू आहेत. त्यातील बहुतांश इंग्लंडमध्ये, तर काही स्कॉटलंड, वेल्स आणि इटलीत आहेत.

या प्रयोगाची गरज का भासली?

वारसा जपण्याची चळवळ ब्रिटनला नवी नव्हती. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या संरक्षणासाठी संस्था काढली होती. ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्सली यांनी १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्ट स्थापन केला. या ट्रस्टने १८९६ मध्ये विकत घेतलेली पहिली इमारत म्हणजे ससेक्समधील अल्फ्रिस्टन या गावातील धर्मगुरूंचे १४ व्या शतकातील छोटे घर. त्याची किंमत होती १० पौंड.

पुढे मात्र लक्ष मोठ्या हवेल्यांकडे वळले. दुसऱ्या महायुद्धानंतर करांचा बोजा आणि नोकरवर्गाची टंचाई यांमुळे उमरावांच्या हवेल्या पडू लागल्या. त्यांना वाचवण्यातच मोठ्या संस्थांची शक्ती खर्ची पडली. गिरणीवाल्याचे घर, कालव्याकाठचे पहारेकऱ्याचे घर, बंद पडलेले रेल्वे स्थानक, बागेतील शोभेचा मनोरा अशा लहान वास्तूंना वाली नव्हता. तिकीट लावून लोकांना दाखवावे एवढे त्यांत काही नव्हते आणि आजच्या कुटुंबाने कायम राहावे अशा सोयीही नव्हत्या. नॅशनल ट्रस्टच्या कामात सहभागी असलेल्या स्मिथ यांना ही पोकळी दिसली. घर संग्रहालय होण्याजोगे नसले तरी चार दिवस राहण्याजोगे असू शकते, हा त्यांचा मुद्दा होता. स्मिथ यांनी आधीच स्थापन केलेल्या ‘मॅनिफोल्ड ट्रस्ट’मधून सुरुवातीचा निधी मिळाला.

कोणकोणत्या वास्तूंत राहता येते?

यादी मोठी गमतीशीर आहे. सफकमधील फ्रेस्टन टॉवर हा १६ व्या शतकातील विटांचा मनोरा. त्यात सहा मजले आणि प्रत्येक मजल्यावर एकच खोली. त्यामुळे स्वयंपाकघरातून बैठकीच्या खोलीत जायचे तर जिना चढण्याला पर्याय नाही. सफकच्याच किनाऱ्यावर ऑल्डबरा येथे नेपोलियनच्या स्वारीच्या भीतीने बांधलेला मार्टेलो बुरूज आहे. बकिंगहॅमशायरमधील स्टो येथील बागेत वास्तुविशारद जेम्स गिब्ज यांनी १७४० च्या दशकात बांधलेले गॉथिक टेंपल आहे. त्यातील खोल्या गोल असल्याने कपाट भिंतीला टेकवायचे कसे, हाच प्रश्न पडतो. स्टॅफर्डशायरमध्ये ऑल्टनचे जुने रेल्वे स्थानक, नॉरफोकमध्ये व्हिक्टोरियाकालीन पाण्याची टाकी, तर यॉर्कशायरमध्ये रॉबिन हुड्स बेजवळ चक्क डुकरांचा गोठा भाड्याने मिळतो! १९ व्या शतकाच्या अखेरीस एका हौशी जमीनदाराने आपल्या डुकरांसाठी खांबांचे ग्रीक मंदिर उभारले होते. आता तिथे दोन माणसे राहू शकतात.

डेव्हनच्या किनाऱ्यापलीकडील लंडी बेटाची कथा वेगळी. हे बेट १९६९ मध्ये विक्रीला निघाले. उद्योजक जॅक हेवर्ड यांनी दिलेल्या दीड लाख पौंडांच्या देणगीमुळे ते नॅशनल ट्रस्टला घेता आले. बेटाचा कारभार तेव्हापासून लँडमार्क पाहते. तिथे किल्ला, जुने दीपगृह, शेतमजुरांची घरे अशा वीसहून अधिक जागी मुक्काम करता येतो.

हॉटेलपेक्षा हा मुक्काम वेगळा कसा?

स्वागतकक्ष नाही, न्याहारी नाही, खोली आवरायला कोणी येत नाही. किल्ली घ्यायची, स्वयंपाक स्वतः करायचा, शेकोटी स्वतः पेटवायची. लँडमार्कच्या घरांत टीव्ही नसतो. बहुतेक ठिकाणी वायफायही नसते आणि आडगावी मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. त्याऐवजी कपाटात त्या परिसराशी आणि त्या घराशी संबंधित पुस्तके निवडून ठेवलेली असतात. घराचा इतिहास सांगणारी चोपडी असते. त्यात घर कोणी बांधले, कधी पडझड झाली, दुरुस्तीत काय सापडले याची नोंद असते. सोबत पाहुण्यांची वही असते. आधी राहून गेलेल्यांनी त्यात कुठली पायवाट चांगली, चिमणीतून धूर कोंडला तर काय करावे, इथपासून सारे काही लिहून ठेवलेले असते.

अडचणीही आहेत. जिने अरुंद, उभे आणि वळणाचे असतात. लहान मुले, वृद्ध किंवा गुडघेदुखी असलेल्यांना त्यांचा त्रास होतो. दारांची चौकट ठेंगण्या माणसांच्या काळातली वाटावी एवढी खाली असते. जाड भिंतींची घरे हिवाळ्यात तापायला वेळ घेतात. पेंढ्याच्या छपराखाली शेकोटीबाबत कडक नियम असतात, कारण तिथे आगीचा धोका मोठा. त्यामुळे आरक्षण करताना छायाचित्रांइतकाच घराचा नकाशाही पाहणे शहाणपणाचे ठरते.

दुरुस्तीला एवढा खर्च का येतो?

कारण ही घरे आजच्या साहित्याने दुरुस्त करता येत नाहीत. जुन्या इंग्लिश घराचा सांगाडा ओकच्या लाकडाचा असतो. मधल्या जागेत काटक्यांचा कूड विणून त्यावर माती, शेण आणि पेंढा लिंपलेला असतो. डेव्हनमध्ये तर माती आणि पेंढा तुडवून रचलेल्या जाड भिंतींची घरे आहेत. या भिंती पावसाचे पाणी शोषतात आणि ऊन-वाऱ्याने पुन्हा सुकतात. त्यांना चुन्याचा गिलावा चालतो, कारण चुन्यातून वाफ बाहेर पडते. २० व्या शतकात अनेकांनी स्वस्त आणि टणक म्हणून सिमेंट वापरले. सिमेंटने ओल आतच कोंडली. परिणामी लाकूड कुजले आणि मातीच्या भिंती आतून भुसभुशीत झाल्या. म्हणजे अनेक ठिकाणी दुरुस्तीचे पहिले काम आधीची दुरुस्ती काढून टाकणे हेच असते.

चुन्याचे काम जाणणारा गवंडी, ओकचे सांधे करणारा सुतार आणि छप्पर शाकारणारा कारागीर हे तिघेही आता दुर्मीळ आणि म्हणून महाग. त्यात कराची भर पडते. ब्रिटनमध्ये नव्या घराच्या बांधकामावर मूल्यवर्धित कर शून्य दराने लागतो. जुन्या घराच्या दुरुस्तीवर मात्र तो साधारणपणे २० टक्के आहे. संरक्षित वास्तूंमधील मंजूर बदलांना पूर्वी असलेली सवलतही ऑक्टोबर २०१२ पासून बंद झाली. जुने जपण्यापेक्षा नवे बांधणे करदृष्ट्या सोयीचे, अशी टीका त्यामुळे वारसाप्रेमी सातत्याने करतात.

कायदा काय सांगतो?

१९४७ च्या नगररचना कायद्याने ऐतिहासिक वास्तूंची देशव्यापी यादी करण्याच्या कामाला बळ मिळाले. आज इंग्लंडच्या यादीत जवळपास ४ लाख नोंदी आहेत. १७०० पूर्वीच्या आणि मूळ रूप बऱ्यापैकी टिकून असलेल्या सर्व इमारती, तसेच १७०० ते १८५० दरम्यानच्या बहुतांश इमारती यादीत येतात. त्यांचे तीन दर्जे आहेत. पहिल्या दर्जात सुमारे अडीच टक्के, मधल्या ‘दोन-तारांकित’ दर्जात सहा टक्क्यांच्या आसपास आणि उरलेल्या ९० टक्क्यांहून अधिक वास्तू दुसऱ्या दर्जात मोडतात. गावाकडची बहुतेक जुनी घरे या शेवटच्या गटातली.

अशा घराचे स्वरूप बदलेल असे कोणतेही काम, मग ते खिडकी बदलण्याचे असो वा आतील भिंत पाडण्याचे, स्थानिक प्रशासनाच्या परवानगीशिवाय करता येत नाही. विनापरवाना काम हा फौजदारी गुन्हा आहे आणि त्यासाठी दंड किंवा कैदेची शिक्षा होऊ शकते. पाडण्यापासून कायदा घराला वाचवू शकतो, पण दुर्लक्षातून होणारी पडझड त्याला रोखता येतेच असे नाही. छपराची कौले सरकली आणि मालकाकडे पैसे नसले, तर यादीतले घरही काही वर्षांत कोसळते. सुट्टीच्या भाड्याचे महत्त्व इथे कळते. दर आठवड्याला कोणीतरी राहायला येत असेल, तर गळती लगेच लक्षात येते आणि ती बुजवायला पैसाही असतो.

ॲस्टली कॅसलचे उदाहरण का दिले जाते?

वॉरिकशायरमधील ही खंदकाने वेढलेली तटबंदीची गढी. इंग्लंडच्या तीन राण्यांशी तिचे नाव जोडले जाते. त्यात नऊ दिवसांची राणी म्हणून ओळखली जाणारी लेडी जेन ग्रे हीसुद्धा आहे. २० व्या शतकात तिथे हॉटेल चालत होते. १९७८ मधील आगीनंतर मात्र केवळ भिंती उरल्या आणि त्याही ढासळत गेल्या. पूर्ववत बांधणे परवडणारे नव्हते आणि तसेच सोडणे म्हणजे गमावणे. लँडमार्कने तिसरा मार्ग निवडला. ‘विदरफर्ड वॉटसन मान’ या वास्तुविशारदांनी जुन्या भिंतींच्या आत नवे घर बसवले. जिथे भिंत पडली होती तिथे नव्या विटा घातल्या, पण त्या जुन्या असल्याचे भासवले नाही. झोपण्याच्या खोल्या खाली, बैठक वर आणि काही भाग छपराविना तसाच ठेवला. २०१२ मध्ये खुल्या झालेल्या या वास्तूला २०१३ चा प्रतिष्ठेचा स्टर्लिंग पुरस्कार मिळाला. जुन्याची हुबेहूब नक्कल करणे म्हणजेच जतन नव्हे, हा विचार त्यातून ठळक झाला.

मग गावकऱ्यांचा आक्षेप कशाला?

आक्षेप मोडकळीस आलेला मनोरा दुरुस्त करण्याला नाही. राहती घरे सुट्टीची घरे होण्याला आहे. ऑनलाइन आरक्षणाची संकेतस्थळे आल्यापासून गावातले साधे जुने घर कायमच्या भाडेकरूला देण्यापेक्षा पर्यटकांना देणे अनेक मालकांना फायद्याचे वाटू लागले. किमती वाढल्या. हिवाळ्यात अख्ख्या गल्ल्या अंधारात, शाळेत मुले कमी आणि हॉटेलात काम करणाऱ्यांनाच गावात घर नाही, असे चित्र किनारी गावांत दिसू लागले. कॉर्नवॉलमधील सेंट आइव्ह्ज येथे २०१६ मध्ये सार्वमत झाले. नवी घरे फक्त कायम राहणाऱ्यांसाठीच असावीत, या तरतुदीच्या आराखड्याला ८० टक्क्यांहून अधिक मते मिळाली. यॉर्कशायरमधील व्हिटबी येथे २०२२ मध्ये अशाच मुद्द्यावर ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी होकार दिला.

सरकारने कोणती पावले उचलली?

एप्रिल २०२३ पासून इंग्लंडमध्ये सुट्टीच्या घराला व्यवसाय म्हणून कर लावून घ्यायचा असेल, तर ते वर्षात १४० दिवस उपलब्ध आणि प्रत्यक्षात किमान ७० दिवस भाड्याने गेलेले असावे लागते. एप्रिल २०२५ पासून सुसज्ज सुट्टीघरांच्या मालकांना मिळणाऱ्या खास करसवलती बंद झाल्या. त्याच महिन्यापासून स्थानिक प्रशासनांना दुसऱ्या घरांवर स्थानिक कर दुपटीपर्यंत नेण्याची मुभा मिळाली. अल्पमुदतीच्या भाड्याच्या घरांची नोंदणी करण्याची तरतूदही २०२३ च्या कायद्यात आहे.

हा प्रयोग इतरत्र गेला का?

अमेरिकेत ‘लँडमार्क ट्रस्ट यूएसए’ ही संस्था अशाच धर्तीवर काम करते. तिच्याकडील व्हरमाँटमधील ‘नौलखा’ हे घर रुडयार्ड किपलिंग यांनी १८९० च्या दशकात बांधून घेतले. मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या आवारात १८६५ मध्ये जन्मलेल्या किपलिंग यांनी ‘जंगल बुक’ व्हरमाँटमध्ये असतानाच लिहिले. आज तिथेही पाहुण्यांना मुक्काम करता येतो.

यातून निष्कर्ष काय?

दोन प्रकारच्या घरांत फरक करणे गरजेचे ठरते. ज्या वास्तूत कोणी कायम राहू शकत नाही आणि जी भाड्याविना कोसळेल, तिथे सुट्टीचा मुक्काम हे जतनाचे साधन आहे. ज्या घरात गावातले कुटुंब राहू शकते, तिथे तोच मुक्काम गाव रिकामे करू शकतो. लँडमार्कचा भर पहिल्या प्रकारावर राहिला, म्हणून त्याला विरोधापेक्षा आदर अधिक मिळाला. संस्था वर्षातील काही दिवस वास्तू सर्वांना विनामूल्य पाहायला खुल्या ठेवते आणि गरजूंसाठी काम करणाऱ्या संस्थांना काही मोफत मुक्कामही देते. भाडे न परवडणाऱ्यांनाही त्यामुळे या घरांची दारे काही प्रमाणात उघडतात. करांचे नवे नियम मात्र हा फरक पुरेसा करत नाहीत, अशी खंत खासगी जुन्या घरांचे मालक व्यक्त करतात. भाड्याचे गणित बिघडले आणि दुरुस्तीवरील २० टक्के कर कायम राहिला, तर पेंढ्याचे छप्पर पुढच्या वेळी कोण शाकारणार, हा त्यांचा प्रश्न आहे.