दगडाखालचा मखमली किडा

प्राणिशास्त्राच्या तासाला 'पेरिपॅटस' हे नाव मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, याची गणती नाही. गांडुळासारखे वलयी प्राणी आणि कीटकांसारखे संधिपाद यांना जोडणारा दुवा, म्हणून तो परीक्षेत हमखास यायचा. हा प्राणी आपल्या देशातही राहतो, हे मात्र मी मुलांना कधी सांगितलं नाही; कारण मलाच ते ठाऊक नव्हतं.

तो राहतो अरुणाचल प्रदेशात, सियांग नदीच्या खोऱ्यात. १९११ मध्ये नोएल विल्यमसन हा ब्रिटिश अधिकारी तिथे मारला गेला आणि आदी लोकांना धडा शिकवायला इंग्रजांनी फौज पाठवली. फौजेबरोबर कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे स्टॅन्ली केम्प होते. त्यांना तिथल्या दगडांखाली हा किडा मिळाला. १९१३ मध्ये त्यांनी त्याचं नाव ठेवलं टिफ्लोपेरिपॅटस विल्यमसोनी. 'टिफ्लो' म्हणजे आंधळा. याला बाहेरून डोळे दिसत नाहीत. पुढे शंभराहून अधिक वर्षं त्याचा पत्ता नव्हता. अलीकडे बंगळुरूच्या 'एट्री' संस्थेच्या संशोधकांनी तो त्याच खोऱ्यात पुन्हा शोधून काढला.

मखमली किड्यांची अंगकाठी मऊ, पाय गुबगुबीत आणि जोडी-जोडीने. तोंडाशेजारच्या दोन पिचकाऱ्यांतून ते चिकट द्रव उडवतात आणि त्यात भक्ष्य जखडून टाकतात. पण या शिकाऱ्याचं एक दुखणं आहे. श्वास घेण्याची त्याची छिद्रं बंद होत नाहीत, त्यामुळे कोरड्या हवेत अंगातलं पाणी उडून जातं. म्हणून ओल हेच त्याचं घर. वरची झाडी गेली, ऊन जमिनीवर पोचलं, रस्त्यासाठी दगड हलवले, की तो उठून दुसरीकडे जाऊ शकत नाही. त्याला वाचवायचं तर सावली, पालापाचोळा आणि दगड जागच्या जागी ठेवावे लागतील. सियांगवर मोठ्या धरणाचा प्रस्ताव आहे. तेव्हा खोऱ्यात काय काय राहतं, याची मोजदाद आधी व्हायला हवी.

आणखी एक कबुली. माझा तो 'दुवा' आता शास्त्राला मान्य नाही. जनुकांच्या अभ्यासानुसार मखमली किडे संधिपादांचे जवळचे नातलग ठरतात, गांडुळांचे नव्हेत. फळ्यावरची चूक पुसता येते. दगडाखालचा जीव एकदा पुसला गेला, तर तो पुन्हा लिहिता येणार नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)