‘पाव’ या शब्दाचीं तीन कुळें

खालापूर तालुक्यांत बोरघाटाच्या पायथ्याशीं साजगांव आहे. तेथील विठोबाची कार्तिकी यात्रा ‘बोंबल्या विठोबाची यात्रा’ या नांवानें ओळखली जाते. कारण तींत सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो. या बाजारांत क्षणभर उभें राहिलें असतां एकच दोन अक्षरी शब्द तीन अर्थांनीं कानीं पडतो. भाविक म्हणतो, ‘विठोबा, पाव रे!’ गिऱ्हाईक म्हणतें, ‘बोंबील पाव किलो द्या.’ आणि चहाच्या दुकानाशीं बसलेलें पोर पाव मागतें. उच्चार एक, लेखन एक, परंतु कुळें तीन. आणि त्यांतील एक समुद्रापलीकडून आलेलें.

हा विषय केवळ कुतूहलाचा नाहीं. एका संग्राहक स्नेह्यांनीं मजला यात्रेच्या खर्चाचें एक जुनें मोडी टिपण दाखविलें. त्यांत ‘पाव’ हा शब्द पाहून, त्या काळीं घाटाखालच्या खेड्यांतही भट्टीचा पाव विकला जात होता, असें अनुमान त्यांनीं बांधलें होतें. मीं कागद उजेडांत धरून पुढील अक्षरें लावलीं. तीं ‘शेर’ अशीं निघालीं. एक शब्द अर्धा वाचल्यामुळें एक खोटा इतिहास जन्मास येत होता. म्हणून हें विवेचन.

पहिलें कुळ ‘प्राप्’ धातूचें. ‘प्राप्नोति’ याचें प्राकृत रूप ‘पावइ’, व त्यावरून मराठी ‘पावणें’. पत्र पावतें, देव पावतो, आणि रक्कम पावल्याची ‘पावती’ होते.

दुसरें कुळ ‘पाद’ शब्दाचें. चतुष्पाद पशूचा एक पाय म्हणजे त्याचा चतुर्थांश. म्हणून पाद म्हणजे चौथा हिस्सा. पुरुषसूक्तांत हा अर्थ आहेच; पाणिनीच्या अष्टाध्यायींतील प्रत्येक अध्यायाचेही चार पाद आहेत. ‘पाद’ याचा ‘पाअ’, व मध्यें वकार येऊन ‘पाव’. ‘पादोन’, म्हणजे पावानें उणें, याचें ‘पाऊण’ झालें. त्याच घरचें ‘पावणेदोन’. तेव्हां ‘पावणेदोन’ यांतील ‘पावणे’ आणि ‘देव पावणें’ यांतील ‘पावणें’ यांचा कांहींएक संबंध नाहीं. या पादाचे भाऊबंद युरोपांत सर्वत्र आहेत: लॅटिन ‘पेस्’, षष्ठींत ‘पेदिस्’, ग्रीक ‘पूस्’, षष्ठींत ‘पोदोस्’, पोर्तुगीज ‘पे’, आणि इंग्रजी ‘फूट’. जर्मानिक भाषांत मूळच्या पकाराचा फकार होतो. ‘पितृ’ व ‘फादर’ ही जोडी त्याच नियमाची.

तिसरें कुळ भट्टीच्या पावाचें. लॅटिन ‘पानिस्’ म्हणजे भाकरी. त्यापासून इटालियन ‘पाने’, स्पॅनिश ‘पान’ आणि फ्रेंच ‘पँ’ झालें. पोर्तुगिजांत दोन स्वरांमधील नकार लोपून त्याचें अनुनासिक राहतें, म्हणून ‘पांव’ असा उच्चार झाला. १५१० मध्यें गोवें व १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगिजांकडे गेली. १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई घेतली. या सहवासांत शब्द मराठींत उतरला. याचा निर्णायक पुरावा ‘लिलाव’ हा शब्द होय: पोर्तुगीज ‘लेलांव’ याचा मराठी ‘लिलाव’. अंत्य ध्वनि दोहोंत एकच व त्याचें रूपांतरही एकच. गोव्यांत पाव भाजणारास ‘पोदेर’ म्हणतात, तोही पोर्तुगीज ‘पादेयरु’च.

लोकांत मात्र दोन व्युत्पत्ति रूढ आहेत: पीठ पायांनीं तुडवितात म्हणून पाव, किंवा लादीचे चार भाग करितात म्हणून पाव. दोन्हीं उत्तरकालीन कल्पना होत. पदार्थ व नांव एकाच गलबतांतून उतरलीं, हें ध्यानांत न घेतल्यानें त्या उद्भवल्या. पहिल्या कल्पनेस बाटण्याच्या भयाचीही जोड असावी. विहिरींत पाव टाकून गांव बाटविल्याच्या कथा वसईकडे सांगतात.

आणखी एक गंमत. लॅटिन ‘कॉम्’ म्हणजे सह. ‘पानिस्’ म्हणजे भाकरी. एका पंक्तीस भाकरी खाणारा तो ‘कंपॅनियन’, व अशांचा मेळा ती ‘कंपनी’. आपल्या जुन्या कागदांत जिला ‘कुंपणी’ म्हटलें आहे, तिच्या पोटांत असा पावच दडलेला आहे! ‘लाटसाहेब’ यांतील ‘लाट’ इंग्रजी ‘लॉर्ड’ शब्दावरून आला. त्याचें प्राचीन इंग्रजी रूप ‘ह्लाफ्‌वेअर्द’, अर्थात् भाकरीचा राखणदार. मात्र या ‘ह्लाफ’चें मूळ ‘पानिस्’हून निराळें आहे. अर्थ जुळला म्हणून कुळ जुळत नाहीं, आणि ध्वनि जुळला म्हणूनही जुळत नाहीं.

आतां कागद वाचणारांसाठीं सूचना. शेर, मण, पायली अशा परिमाणाशेजारीं ‘पाव’ आला तर तो पादाचा, आंकड्यांत तोच अर्थ एका उभ्या दंडानें (।) दाखवितात, म्हणून बेरीज करून पाहावी. पत्र, रक्कम, ऐवज यांच्या संगतींत आला तर तो प्राप्तीचा. भट्टीचा पाव मानावयाचा, तर भट्टी, फिरंगी किंवा खाद्याची यादी असा स्वतंत्र आधार हवा. नुसत्या शब्दावरून पदार्थाचा काळ ठरवूं नये.

शेराचें माप व्यवहारांतून गेलें, तरी ‘पाव’ किलोच्या मागें जाऊन बसला. माझ्या स्नेह्यांनीं आपलें अनुमान मागें घेतलें. टिपणाचें मोल त्यामुळें उणें झालें नाहीं. भट्टीचा पाव त्यांत नाहीं. पण यात्रेकरूनें किती शेर माल घेतला, हें त्यांत आहे, आणि तेवढें खरें आहे.