दुकानातला जुना कॉम्प्युटर : दुरुस्त करायचा की बदलायचा? आधी बंद दिवस मोजा

व्हिडिओत आकडे भराभर पुढे जातात, म्हणून कॉम्प्युटरचा हिशोब इथे सावकाश मांडतोय. वही-पेन घेऊन बसा.

उदाहरणाला ठाकुरवाडी घेऊ. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत या नावाच्या वाड्या एकाहून जास्त आहेत, त्यातली कुठलीही धरा. समजा, वाडीतल्या एका मुलीने बारावी आणि एमएस-सीआयटी करून रस्त्यालगतच्या खोलीत दुकान टाकलंय. ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, प्रिंट, पासपोर्ट फोटो. डेस्कटॉप २०१४ चा, रॅम ४ जीबी, हार्ड डिस्क जुन्या पद्धतीची. सुरू व्हायला सहा-सात मिनिटं लागतात आणि आठवड्यातून एकदा मध्येच बंद पडतो. तालुक्याचा रिपेअरवाला म्हणतो, "दोन हजारात करून देतो." भाऊ म्हणतो, "टाकून दे, नवीन घे."

इतक्यात कोणाचंच ऐकायचं नाही. आधी बिघडलंय काय ते बघायचं, कारण "कॉम्प्युटर खराब झाला" असं काही नसतं. एखादा भाग खराब होतो.

सगळ्यात स्वस्त बिघाड सगळ्यात जास्त घाबरवतो. सकाळी मशीन लावलं की तारीख कुठल्यातरी जुन्या वर्षाची दिसते आणि सरकारी पोर्टल उघडायला गेलं की ब्राउझर "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणून अडवतो. लोकांना वाटतं व्हायरस आला. खरं तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो, सीआर २०३२ नावाचा. घड्याळ चुकलं की वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत जुळत नाही, म्हणून साइट अडते. किरकोळ पैशांत काम होतं.

दुसरा, पावसाळी बिघाड. पंखा फिरतो, स्क्रीन काळी, आत बीप-बीप. आपल्या पट्ट्यात चार महिने भिंतीसुद्धा घाम गाळतात, तशीच ओल रॅमच्या पिवळ्या पट्टीवर बसते. मशीन पूर्ण बंद करून, वायर काढून, रॅम उपसून ती पट्टी साध्या खोडरबराने हलकी पुसायची आणि पुन्हा नीट बसवायची. बऱ्याच वेळा एवढ्यावर मशीन उठतं. जमत नसेल तर रिपेअरवाल्याकडून करून घ्या, पण त्याने "रॅम गेली" म्हटलं तर आधी "पुसून बघितली का?" एवढं विचारा.

मशीन मध्येच बंद पडत असेल तर संशय पॉवर सप्लायवर, म्हणजे आपण ज्याला एसएमपीएस म्हणतो त्यावर. वाडी लाइनच्या टोकाला असेल तर व्होल्टेज वर-खाली होतं, पावसात झाड तारांवर पडलं की वीज जाते-येते. एसएमपीएस बदलता येतो आणि बदलावा. (तो स्वतः उघडू नका, वायर काढल्यावरही आत करंट साठलेला असतो.) मात्र यूपीएसची बॅटरी मेलेली असेल तर नवा एसएमपीएससुद्धा त्याच वाटेने जाणार. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावीच लागते, हे खर्चात धरूनच चाला.

आणि मशीन नुसतं हळू असेल तर? जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली की दहा वर्षांचं मशीनही वेगळंच वाटतं. पण इथे थांबा. पैसे टाकण्याआधी एक गोष्ट तपासायची आहे.

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघडा. प्रोसेसरचं नाव दिसेल. इंटेल असेल तर आय३ किंवा आय५ नंतरचा आकडा वाचा. ४१७० असेल तर चौथी पिढी, ८४०० असेल तर आठवी, १०१०० असेल तर दहावी. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. जुगाड करून जुन्या मशीनवर विंडोज ११ चढवून देणारे भेटतील. गाणी ऐकायला ठीक आहे. पण आपल्या दुकानात लोकांचं आधार, बँक पासबुक, ओटीपी सगळं येतं. सुरक्षा अपडेट बंद झालेल्या किंवा जुगाडावर चालणाऱ्या मशीनवर ते काम करू नये, हे माझं स्पष्ट मत.

म्हणजे मशीन आठव्या पिढीचं किंवा पुढचं असेल तर एसएसडी, रॅम, एसएमपीएस यावर खुशाल खर्च करा. २०१४ च्या मशीनवर मात्र मोठा खर्च नको. त्यातली डीडीआर३ रॅम नव्या मशीनच्या डीडीआर४ खाचेत बसतसुद्धा नाही, म्हणजे टाकलेला पैसा पुढे नेता येत नाही. मदरबोर्ड गेला असेल तर प्रश्नच मिटला. त्या काळचा बोर्ड जुन्या बाजारातच मिळतो आणि त्याची गॅरंटी कोणी देत नाही.

आता पैशांचा हिशोब. बाजारात एक नियम सांगतात की दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीच्या वर गेली तर नवीन घ्या. नोकरदाराच्या घरी हा नियम चालेल. दुकानदाराला तो फसवतो, कारण त्यात बंद दिवस कुठेच नाहीत.

समजा, दुकानाची रोजची निव्वळ कमाई ७०० रुपये. वर्षात मशीन तीनदा बिघडलं, बिलं झाली १,२००, १,८०० आणि ९००, म्हणजे ३,९०० रुपये. "चार हजारात वर्ष निघालं," असं वाटतं. पण दर वेळी मशीन तालुक्याला नेणं, पार्ट येण्याची वाट बघणं, परत आणणं यात तीन दिवस गेले. नऊ दिवस गुणिले ७००, म्हणजे ६,३००. एकूण १०,२००. त्याऐवजी १८,००० चं चांगलं रिफर्बिश्ड मशीन तीन वर्षं चाललं तर वर्षाला ६,००० पडतात. आकडे तुमचे घाला, पद्धत हीच ठेवा.

त्यातही सगळे बंद दिवस सारखे नसतात. दहावी-बारावीच्या निकालानंतर जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, प्रवेशाचे फॉर्म यांची रांग लागते, आणि नेमका तेव्हाच पाऊस सुरू होऊन मशीनही आजारी पडतं. शेवटच्या तारखेला दुकान बंद दिसलं तर पोरगं फॉर्म भरायला नेरळला नाहीतर खोपोलीला जाईल आणि पुढच्या वेळी त्याची आईही तिथेच जाईल. म्हणून हा निर्णय एप्रिलमध्ये घ्यायचा. जुलैमध्ये घेतलेला निर्णय नेहमी महाग पडतो.

घ्यायचं कुठून? ऑफिसातून निघालेले ब्रँडेड डेस्कटॉप मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. कर्जत लोकलने दादरला उतरा, पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. भाव तिथे बरा असतो, पण मशीन परत करायचं तर पुन्हा अख्खा दिवस जातो. हजार-दीड हजाराचा फरक असेल तर मी तालुक्यातलाच विक्रेता निवडेन, बिल आणि लेखी वॉरंटी घेऊन. पैसे देण्याआधी आपला प्रिंटर आणि अंगठ्याचं मशीन त्या विंडोजवर चालतं का, ते जोडूनच बघायचं. भांडवल कमी असेल तर मुद्रा योजनेत शिशू गटात ५०,००० पर्यंत विनातारण कर्ज आहे. आदिवासी तरुणांनी पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात आणि शबरी महामंडळाकडेही चौकशी करावी.

जुनं मशीन लगेच भंगारात देऊ नका. पत्रिका, बॅनरचं काम करणाऱ्यांकडे पेजमेकर आणि श्रीलिपीच्या जुन्या फाइल असतात, त्या नव्या मशीनवर उघडतीलच असं नाही. सुरू असेल तर इंटरनेटची वायर काढून त्याला फक्त त्याच कामाला बसवा. आणि खरंच देऊन टाकायचं असेल तेव्हा हार्ड डिस्क काढून स्वतःकडे ठेवा. वाडीतल्या निम्म्या लोकांचे आधार स्कॅन त्यात आहेत आणि नुसतं डिलीट केल्याने ते जात नाहीत. उरलेला डबा नोंदणीकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

तुमच्या प्रोसेसरचा आकडा आणि वर्षातले बंद दिवस कमेंटमध्ये लिहा, आपण हिशोब करून बघू.