भीती बर्फाची, घात हवेचा

डिसेंबर सरत आला की अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात आणि सीमेपलीकडच्या कॅनडात तळी गोठतात. मिल लॅक्स, अप्पर रेड लेक, ओंटारियोतले लेक सिम्को अशा तळ्यांवर मग तंबूंची वस्ती उभी राहते. बर्फाला भोक पाडायचे, त्यात गळ सोडायचा, भोवती कापडी तंबू ताणायचा, आत प्रोपेनवर चालणारा छोटा हीटर लावायचा आणि मासा लागायची वाट पाहत बसायचे, असा हा तिकडचा हिवाळी छंद आहे. मिनिॲपोलिस किंवा टोरोंटोच्या परिसरात राहणाऱ्या मराठी माणसालाही त्याचे आमंत्रण येऊ शकते. पहिल्यांदा जाणाऱ्याच्या मनात बहुधा एकच प्रश्न येतो: बर्फावर हीटर लावला तर खालचा बर्फ वितळून आपण पाण्यात जाणार नाही का? प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. पण सगळी काळजी त्याच्यावरच खर्च होते, आणि हीटर ज्या दोन मार्गांनी खरोखर जीव घेऊ शकतो ते दोन्ही नजरेआड राहतात. पहिला मार्ग तंबूतल्या हवेचा. दुसरा आपल्या निर्णयाचा: उबेत बसलेला माणूस पातळ बर्फावर जास्त वेळ थांबतो, आणि पाण्यात पडला तर वाचवणारे कपडे अंगावरून उतरवून ठेवतो.

आधी वितळण्याचा हिशेब करू, कारण तो करता येतो. एक किलो बर्फ शून्य अंशावर वितळवायला सुमारे 334 किलोज्यूल उष्णता लागते. तंबूत वापरायचा नेहमीचा हीटर पूर्ण क्षमतेवर तासाला 9,000 बीटीयू, म्हणजे साधारण 2.6 किलोवॉट उष्णता देतो. ही सगळीच्या सगळी खालच्या बर्फात शिरली असे धरले, तर तासाला 28 किलो बर्फ वितळेल. दोन मीटर लांब-रुंद तंबूच्या जमिनीवर हा थर आठ मिलिमीटरही भरत नाही. प्रत्यक्षात गरम हवा वर जाते, कापडातून बाहेर पडते, उरलेली ऊब माणसे आणि सामान शोषतात. दशांश उष्णता खाली गेली असे मानले, तर वितळ तासाला मिलिमीटरहून कमी. 40 सेंटिमीटर जाडीच्या बर्फाला याने काहीच फरक पडत नाही.

पातळ बर्फाचे गणित मात्र वेगळे आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतले लॉर्न गोल्ड यांनी 1971 साली बर्फावरून केलेल्या वाहतुकीचा अभ्यास मांडला. त्यातून आलेले सूत्र आजही वापरले जाते: बर्फाची भार पेलण्याची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे जाडी निम्मी झाली की ताकद चौथाई उरते. सूत्रातला सावध आकडा घेतला तर 10 सेंटिमीटरचा चांगला, पारदर्शक बर्फ सुमारे 350 किलो पेलतो आणि 5 सेंटिमीटरचा जेमतेम 88 किलो. सामानासह एका माणसाचे वजन तेवढे सहज होते. एक सेंटिमीटर झिजला तर 40 सेंटिमीटरच्या बर्फाची ताकद पाच टक्क्यांनी घटते, 10 सेंटिमीटरच्या बर्फाची एकोणीस टक्क्यांनी. शिवाय ऊबदार तंबूखालच्या बर्फाला वरून थंडी मिळत नाही, त्यामुळे भोवतालचा बर्फ जाड होत असताना तो मात्र आहे तेवढाच राहतो. तेव्हा ‘हीटरने काही वितळत नाही’ हे विधानही सरसकट खरे नाही. ते जाड बर्फापुरते खरे आहे, आणि जिथे ते खरे नाही तिथे तंबू ठोकायलाच नको. मिनेसोटाचे नैसर्गिक संसाधन खाते चार इंच, म्हणजे 10 सेंटिमीटरपेक्षा कमी पारदर्शक बर्फावर पाऊलच ठेवू नका असे सांगते. बर्फ पांढरट, हिमकण मिसळून गोठलेला असेल तर दुप्पट जाडी लागते. ही मर्यादा चालत जाणाऱ्या माणसापुरती आहे. तंबू, सिलिंडर, ड्रिल आणि तीन-चार माणसे एकाच जागी तासन्‌तास बसणार असतील, तर त्याहून बरीच जास्त जाडी हवी.

इथेच एक चुकीचा अर्थ हमखास काढला जातो. तंबूत भोकाभोवती पाणी साचू लागले की माणसे म्हणतात, हीटरने बर्फ वितळतोय. हीटरची आच कमी केली की त्यांचे समाधान होते. पण खूप वेळ एकाच जागी राहिलेल्या भाराखाली बर्फ हळूहळू वाकतो, आणि वाकला की खालचे पाणी भोकातून वर चढते. असे वर आलेले पाणी म्हणजे बर्फाने दिलेली सूचना असते. ती मिळाली की हीटरशी खेळत न बसता सामान आवरून, एकमेकांपासून अंतर ठेवून, किनाऱ्याकडे निघायला हवे. बर्फ तुटण्याची मोठी कारणे हीटरच्या आवाक्याबाहेरची असतात: खालचे प्रवाह, तळातले झरे, बर्फावर पांघरुणासारखे बसून त्याला थंडीपासून तोडणारे भुसभुशीत हिम, आणि वारा. 29 डिसेंबर 2023 रोजी अप्पर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटला आणि त्यावर अडकलेल्या शंभराहून अधिक लोकांना सोडवून आणावे लागले. म्हणून जाडी एकदा मोजून भागत नाही. हातात पहार घेऊन पुढचा बर्फ ठोकत जावे लागते आणि ठिकठिकाणी भोक पाडून मोजावे लागते, कारण दहा-वीस पावलांत जाडी निम्म्यावर येऊ शकते.

आता हवेकडे वळू. प्रोपेन पूर्ण जळले तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. ऑक्सिजन अपुरा पडला, बर्नरमध्ये धूळ-कोळी साचले किंवा ज्योत थंड पृष्ठभागाला लागली, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास व्यवस्थित चालू असतानाही शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा वायू अनोळखी नाही. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमुळे झालेल्या मृत्यूंच्या बातम्या येतात तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा तोच असतो. जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार मुले, गॅस हीटर लावलेल्या बंद खोलीत झोपले आणि दगावले. अशा प्रसंगांना आपल्याकडे सरसकट ‘गॅसगळती’ म्हटले जाते आणि त्यातून घातक समजूत पसरते की गॅस सुटला तर वास येईलच. वास येतो तो न जळलेल्या गॅसला, कारण त्यात मुद्दाम उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते. जळून तयार झालेल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, डोळ्यांची चुरचुरही होत नाही. तो तळाशी साचतो हाही गैरसमज. तळाशी साचतो तो प्रोपेन, कारण तो हवेपेक्षा दीडपट जड आहे. कार्बन मोनॉक्साइड हवेहून किंचित हलका असतो आणि तंबूभर सारखा मिसळतो, त्यामुळे खाली झोपलेला आणि वर बसलेला दोघेही तोच श्वासात घेतात.

यावर अनुभवी मंडळींचा आक्षेप असा, की नव्या हीटरमध्ये ऑक्सिजन कमी झाला की आपोआप बंद होण्याची सोय असते. असते, आणि ती चांगली आहे. हवेतला ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून साधारण 18 टक्क्यांवर आला की ती ज्योत विझवते. दोन मीटर लांब, रुंद आणि उंच असा तंबू पूर्ण बंद असेल, तर पूर्ण आचेवरचा हीटर एकटाच ही पातळी अर्ध्या तासाच्या आत गाठतो. माणसांचा श्वास त्यात धरलेलाच नाही. पण ही सोय कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. बर्नर खराब असेल तर ऑक्सिजन 20 टक्के असतानाही विषारी वायू तयार होत राहील आणि हीटर निवांत जळत राहील. शिवाय सिलिंडरच्या डोक्यावर बसवायचे कित्येक उघडे हीटर मोकळ्या हवेसाठीच बनवलेले असतात. ते तंबूत आणूच नयेत.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: हवा खेळती राहावी म्हणून तंबूची झडप उघडी ठेवली तर ऊब बाहेर जाणार, मग हीटर कशाला? हेही मोजून पाहू. बाहेर उणे 15 आणि आत 10 अंश आहे, आणि तंबूतली सगळी हवा तासाला दहा वेळा बदलते असे धरू. एवढी हवा तापवायला पूर्ण आचेवरच्या हीटरची पाव हिश्शाहून थोडी जास्त उष्णता लागते. उरलेली तंबूतच राहते, आणि ज्या हीटरची जाळी लाल होऊन समोर ऊब फेकते तो तर हवेआधी माणसालाच तापवतो. खाली एक आणि वर एक अशा दोन झडपा उघड्या ठेवायची किंमत एवढीच आहे. उलट एक फायदाही आहे. एक किलो प्रोपेन जळले की सुमारे 1.6 किलो पाण्याची वाफ होते. झडपा बंद असतील तर ती कापडावर आणि कपड्यांवर उतरते, आणि ओल्या कपड्यांत थंडी दुप्पट झोंबते.

‘वर्षानुवर्षे हजारो लोक असेच बसतात, कुणाला काही होत नाही’ हा तिसरा युक्तिवाद मला सर्वांत धोक्याचा वाटतो. कापडी तंबू थोडा झिरपतो, वारा असतो, म्हणून बहुतेक दिवस निभावतात. ज्या रात्री वारा पडतो, तंबूच्या कडेला हिम लोटून फटी बुजवल्या जातात आणि माणसे हीटर चालू ठेवून झोपी जातात, त्या रात्री हे झिरपणे थांबलेले असते. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे ही विषबाधेची सुरुवातीची लक्षणे. चार घोट घेतलेला माणूस ती दारूच्या खाती टाकतो. म्हणून झोपताना हीटर बंद, आणि जवळ बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, या दोन गोष्टींना पर्याय नाही. घरगुती अलार्म बहुधा चार अंशांच्या वरच्या तापमानासाठीच बनवलेले असतात, त्यामुळे गोठलेल्या तंबूत त्यांच्यावर विसंबता येत नाही. प्रवासी गाड्या आणि बोटींसाठी बनवलेला अलार्म घ्यावा, तो थंडीत तपासलेला असतो. अलार्म गप्प आहे म्हणजे हवा शुद्ध आहे, असेही नाही. दशलक्ष भागांत 400 भाग एवढा वायू असेल तर तो चार ते पंधरा मिनिटांत वाजतो, 70 भागांना मात्र एक ते चार तास घेऊ शकतो.

पातळ बर्फ आणि हीटर यांचा खरा संबंध उबेतून जुळतो. थंडीत कुडकुडणारा माणूस दोन तासांत घरी जातो; हीटर असला की तोच माणूस रात्र काढतो. बर्फाचा कडकड आवाज आला, भोकातून पाणी वर आले, तरी ऊब सोडवत नाही. उकडू लागले की तरंगता सूट उतरवला जातो, आणि बर्फाच्या कडेला रुतवून स्वतःला वर ओढायचे टोकदार खिळे त्याच सूटच्या खिशात राहतात. मग तळ तुटला तर चेन बंद केलेल्या तंबूत, साध्या कपड्यांत, माणूस शून्याजवळच्या पाण्यात असतो. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गिसब्रेख्त यांनी अशा पाण्यात पडलेल्यासाठी ठोकताळा दिला आहे: श्वास आवरायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटे, आणि शुद्ध हरपेपर्यंत साधारण एक तास. त्या दहा मिनिटांतली काही चेन शोधण्यातच जातात. म्हणून हंगामाच्या पहिल्या किंवा शेवटच्या बर्फावर, जाडी जेमतेम असताना, तंबू आणि हीटर किनाऱ्यावरच ठेवावेत, सूट अंगावर आणि खिळे गळ्यात अडकवलेले असावेत, आणि थंडी वाजली की परतावे.

तंबूत कुणाचे डोके दुखू लागले, एकाच वेळी दोघांना मळमळले, तर सगळ्यांना आधी बाहेर काढायचे, हीटर बंद करायचा, आणि 911 ला फोन करून कार्बन मोनॉक्साइडचा संशय स्पष्ट सांगायचा. मोकळ्या हवेत बरे वाटले म्हणून पुन्हा आत बसू नये. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मुखवट्यातून शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण सव्वा ते दीड तास. कोविडच्या काळात घरोघरी आलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे उपयोगाचा नाही. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन असलेले हिमोग्लोबिन यांतला फरक त्याला ओळखता येत नाही, त्यामुळे माणूस गुदमरत असतानाही तो 98 दाखवू शकतो. खरी पातळी कळते ती रुग्णालयात रक्त तपासून.