साखळ्या, खडूची पूड आणि दोन दोऱ्या

आषाढात पेणच्या कारखान्यांच्या आळीतून अंग चोरूनच चालावं लागतं. दोन्ही बाजूंना गणपती. फळ्यांवर, बाकांवर, जिन्याच्या पायऱ्यांवर, एकावर एक रचलेल्या मांडण्यांवर. अजून रंग न लागलेले, पांढरेधोप. ताडपत्रीच्या कडेने पागोळ्या गळतायत. आत मोठे पंखे गरगरतायत, पण ते मूर्ती सुकवण्यासाठी. माणसं उघड्या अंगाने, गुडघ्यापर्यंत पांढरी होऊन काम करतायत. प्लास्टर, काथ्या, ओली माती आणि घाम यांचा एकच वास सगळ्या आळीला आहे.

एका कारखान्याच्या दारात रांग लागलीय. बुकिंगवाल्यांची. छत्र्या मिटवून, पिशव्या छातीशी धरून लोक उभे आहेत. कुणाला दीड फुटी लालबाग हवा, कुणाला शाडूचाच हवा. या रांगेत एक काका आहेत. रोह्याचे. धाटावच्या एमआयडीसीत फिटर होते, आता निवृत्त. त्यांना गणपती नकोय. त्यांना साचा हवाय.

त्यांची पाळी येते. कारागीर आतून एक पुडकं आणतो आणि वर्तमानपत्र सोडतो. तळहातावर मावेल असा रबरी साचा. आत ओळीने चौकोनी खाचा.

"काका, गणपतीचे पाय केले, उंदीर केले, मोर केले. रणगाड्याची चप्पल आमच्याकडं पहिल्यांदाच आली," कारागीर म्हणतो.

रांगेतले लोक माना वाकवून बघतात. काका साचा उलटा करून बोटाने दाबतात. कडा नीट आल्यात. ते खूश होतात, पण दाखवत नाहीत. "बघू, माल ओतल्यावर कळेल," एवढंच म्हणतात.

रणगाडा म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला शर्मन. त्यातलाही सुरुंग फोडणारा, 'क्रॅब' नावाचा. काकांचं मॉडेल मूळच्या एक सोळांशाने. खऱ्या गाड्याच्या पट्ट्यात एका बाजूला 83 कड्या असतात, म्हणजे दोन्ही मिळून 166. मॉडेलमधली प्रत्येक कडी अडीच सेंटिमीटर रुंद, लांबीला जेमतेम एक सेंटिमीटर. सनबोर्डातून एकेक कापत बसलं तर गणपती येऊन विसर्जनही होईल. म्हणून एक कडी मातीत नीट कोरायची, तिचा रबरी साचा करायचा आणि रेझिन ओतून बाकीच्या काढायच्या. गणपतीचे हात ज्या रीतीने निघतात त्याच रीतीने.

पेण स्टेशनवर रोह्याची गाडी यायला वेळ आहे. दिव्याहून येणारी मेमू. फलाटावर शेडखाली गर्दी, शेडबाहेर पाऊस. पत्र्यावर असा आवाज की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. पाऊस थांबला की लगेच उकडायला लागतं. मग पुन्हा पाऊस. एक मावशी उकडलेल्या शेंगा विकतेय. काका साचा असलेली पिशवी मांडीवर घेऊन बसलेत, खाली ठेवत नाहीत.

गाडी येते. जागा मिळते, खिडकीची नाही. कासू जातं, नागोठणं जातं. दोन्हीकडे लावणी चाललीय. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका, डोक्यावर प्लास्टिकचे कागद. समोर बसलेला कॉलेजचा मुलगा विचारतो, "काय आहे हो पिशवीत?" काका साचा काढून दाखवतात आणि मग निडी येईपर्यंत बोलत राहतात.

सुरुंग पेरलेल्या जमिनीतून रणगाडा न्यायचा कसा, हा प्रश्न. पुढे एक आडवा रूळ लावायचा, त्याला साखळ्या. रूळ फिरतो, साखळ्या जमिनीला बडवतात, सुरुंग रणगाड्याच्या पोटाखाली न फुटता पुढेच फुटतो. ही कल्पना दक्षिण आफ्रिकेच्या अब्राहम डू टॉइट या अधिकाऱ्याची. 1942 च्या ऑक्टोबरात एल अलामेनच्या लढाईत माटिल्डा रणगाड्यांवर ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात वापरली गेली. त्या गाड्याचं नाव 'स्कॉर्पियन'. रूळ फिरवायला वेगळं इंजिन, तेही गाड्याच्या बाहेर, उजव्या अंगाला एका पेटीत.

"आणि त्या पेटीत एक माणूस," काका बोट वर करून सांगतात. "इंजिन सांभाळायला. पुढं साखळ्या धूळ उडवतायत, सुरुंग फुटतायत, आणि हा बाहेर पेटीत बसलाय."

मुलगा गप्प होतो. निडीला तो उतरतो, फलाटावरून पुन्हा एकदा पिशवीकडे बघतो.

रोह्याला गाडी जवळजवळ रिकामी होते. मध्य रेल्वे इथं संपते आणि कोकण रेल्वे इथून सुरू होते. इंजिनं, सिग्नल, रुळांची गुंतवळ बघत काही मुलं पुलावर उभी आहेत. काका आणि मी बाजारपेठेकडे निघतो. रस्त्यावर पाणी, रिक्षांचे भोंगे, भाजीवाल्यांच्या निळ्या ताडपत्र्या. हवेत मधूनच धाटावच्या कारखान्यांचा वास येतो. इथल्यांना तो येत नाही, बाहेरच्याला येतो.

काका एका कटलरीच्या दुकानात शिरतात. बांगड्या, टिकल्या, केसांच्या क्लिपा, इमिटेशनचे हार. दुकानात बायकांची गर्दी. मंगळागौरीची खरेदी आतापासूनच. काका काउंटरच्या टोकाला उभे राहून वाट बघतात.

"परत साखळी?" दुकानदार विचारतो.

"तीच. पण सोनेरी नको, काळपट दे. आणि कडी गोल नको, लांबट."

दुकानदार रिळं काढतो. काका खिशातून भिंग काढून कड्या बघतात. शेजारची बाई आधी भिंगाकडे बघते, मग काकांकडे. क्रॅबच्या रुळाला 43 साखळ्या होत्या. एकही कमी चालणार नाही, असं काकांचं म्हणणं. कुणी मोजणार नाही हे त्यांना माहीत आहे.

काकांचं घर जुनं. पुढे पडवी, पडवीत कामाचं टेबल. टेबलावर टेबललॅम्प, कानशी, हॅक्सॉचं पातं, पॉलिश पेपरचे तुकडे, एम-सील, फेविक्विकच्या रिकाम्या नळ्या. मधोमध शर्मन. 38 सेंटिमीटर लांब, करडा, रंगाचा पहिला हात झालेला. खरा शर्मन सहा मीटरचा. काका मध्यंतरी अहिल्यानगरला जाऊन आलेत. तिथं लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे, 1994 पासूनचं. उघड्यावर ओळीने उभ्या असलेल्या गाड्यांभोवती ते दुपारभर फिरले. "फोटोत अंदाज येत नाही. शेजारी उभं राहिलं की चाकच कमरेला लागतं," ते सांगतात.

काकांचा पुतण्या रेझिन कालवतो. कागदी कपात मोजून दोन भाग, काडीने सावकाश. जोरात ढवळलं तर बुडबुडे येतात. साच्यात ओततो, साचा टेबलावर हलकेच आपटतो. आता थांबायचं.

या कामात थांबणंच जास्त. रेझिनसाठी थांबा, एम-सीलसाठी थांबा, रंगासाठी तर थांबाच. पावसाळ्यात रोह्याच्या हवेत रंग लवकर वाळत नाही. स्प्रे मारला तर दमटपणाने त्यावर पांढरट साय धरते. म्हणून पडवीच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याचं खोकं आहे, आत साठ वॅटचा पिवळा बल्ब. रंगवलेले भाग त्या उबेत ठेवतात. खोक्याशेजारी मांजर झोपलंय.

दरम्यान रुळाचं काम. पीव्हीसी नळीचा एकोणीस सेंटिमीटर लांब तुकडा. खरा क्रॅब जवळजवळ तीन मीटर रुंदीची वाट मोकळी करायचा, त्या हिशेबाने. नळीला बारीक भोकं पाडलीत, पण सरळ रेषेत नाहीत, मळसूत्राच्या वळणाने. सगळ्या साखळ्या एकदम आपटल्या तर गाडा उसळेल, म्हणून एकामागून एक पडाव्यात अशी ती मांडणी. प्रत्येक भोकात तारेची आकडी, आकडीला बोटभर साखळी. काका चिमट्याने आकडी उघडतात, साखळीची शेवटची कडी अडकवतात, आकडी दाबतात. कपाळावरून घाम ओघळून चष्म्यावर येतो. ते मनगटाने पुसतात आणि पुढची आकडी घेतात. रुळाच्या दोन्ही टोकांना दातेरी चकत्या. त्या काटेरी तारा कापायच्या.

क्रॅबला वेगळं इंजिन नव्हतं. रणगाड्याच्याच इंजिनावरून रूळ फिरायचा. त्यामुळे बाहेरची पेटी गेली आणि पेटीतला माणूसही. बहुतेक क्रॅब ज्या प्रकारच्या शर्मनवर बांधले, त्याचं इंजिन म्हणजे मोटारीची पाच इंजिनं एकत्र जोडलेली, तीस सिलिंडरांची. फिटर माणसाला हे सांगताना वेगळाच आनंद होतो. अशा चमत्कारिक गाड्यांची अख्खी डिव्हिजन ज्याच्या हाताखाली होती, तो मेजर जनरल पर्सी होबार्ट. जन्म नैनितालचा, 1885 चा. 6 जून 1944 ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर त्याचे क्रॅब उतरले.

लाईट जाते. पंखा थांबतो, खोक्यातला बल्ब विझतो. पडवीत एकदम पावसाचा आवाज भरतो. कुणी हलत नाही. घरातली आजी आतून चहा पाठवते. घामाने शर्ट पाठीला चिकटलेत. अर्ध्या तासाने लाईट येते. मांजर जागचं हललेलं नाही.

साचा उघडतात. बारा कड्या. दोन कड्यांच्या कोपऱ्यात बुडबुडे, त्या बाजूला. पुतण्या पॉलिश पेपर घेतो.

संध्याकाळी रूळ गाड्याला बसतो. पुढे आलेले दोन बाहू, मध्ये रूळ, आत खेळण्यातली मोटर. एका परातीत नदीची वाळू पसरलीय. गल्लीतली पोरं जमतात, दारात उभी राहतात. पुतण्या बटण दाबतो. साखळ्या आधी लोंबतात, मग ताठ होतात, मग दिसेनाशा होतात. वाळू उडते. पोरं मागे सरतात आणि हसतात.

आजी दारातून बघत असते. "झोडणीच की रे ही!" ती म्हणते. कार्तिकात खळ्यावर भात झोडलेली बाई. तिला बाकी काही समजावून सांगावं लागत नाही.

"किती जोरात पळायचा हा?" एक पोरगा विचारतो.

काका मोबाईलवर घड्याळ लावतात. झोडताना वेग ताशी दोन किलोमीटर. एक सोळांशात म्हणजे मिनिटाला दोन मीटर. टेबल एक मीटरचं. पुतण्या गाडा हाताने ढकलतो, काका सेकंद मोजतात. "हळू... अजून हळू." टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्धा मिनिट. पोरांना कंटाळा येतो. तेवढ्यात एकाच्या लक्षात येतं आणि तो म्हणतो, "मग तोवर समोरचा गोळ्या घालणार ना?" काका मान हलवतात. म्हणून काही क्रॅब झोडत पुढे जायचे आणि मागच्यांनी तोफा रोखून ठेवायच्या. गाड्याच्या पाठीमागे दोन डबे, त्यांतून खडूची पूड झिरपायची. मोकळ्या वाटेच्या दोन्ही कडांना पांढऱ्या रेघा. मागून येणाऱ्याने त्या रेघांच्या आत राहायचं.

टेबलाखालच्या फळीवर दुसरं मॉडेल आहे. काका ते वर घेतात. हा रणगाडा लहान. स्टुअर्ट. 28 सेंटिमीटर. पुढे रूळ नाही, साखळ्या नाहीत. पोरं पुन्हा जवळ येतात.

"खाली बघा," काका म्हणतात.

गाड्याच्या पोटाखाली एक माणूस. एम-सीलचा, दहा सेंटिमीटरचा, पालथा पडलेला. दोन्ही हातांत शिवणाच्या दोऱ्याचे तुकडे. दोरे वर ड्रायव्हरच्या झरोक्यात गेलेत. जमीन आणि गाड्याचं पोट यांत अडीच सेंटिमीटरच्या आसपास जागा. खऱ्यात दीड फूटही नाही.

1948 चा एप्रिल. जम्मू-काश्मीरमधली लढाई, नौशेरा ते राजौरीचा रस्ता. कापून आडवे टाकलेले पाईन, उडवलेले साकव, पेरलेले सुरुंग आणि वरच्या डोंगरांतून मशीनगनचा मारा. बॉम्बे इंजिनिअर्सचा सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे. कारवारकडचा. 8 एप्रिललाच तुकडीतले जवान पडले, राणे स्वतः मांडीत जखमी. तरी तो रणगाड्याखाली शिरला आणि गाड्याबरोबर पोटावर सरपटत निघाला. दोऱ्यांच्या खुणांवर ड्रायव्हर गाडा पुढे घ्यायचा आणि थांबवायचा. सुरुंग काढत, अडथळे उडवत, 11 एप्रिलपर्यंत हे काम चाललं. दुसऱ्या दिवशी सैन्य राजौरीत पोचलं. राणे यांना परमवीरचक्र मिळालं.

"तिकडं हा साखळीवाला का नाही नेला?" मघाचाच पोरगा.

"जे होतं त्यावर काम केलं," काका म्हणतात. आज साखळ्यांचा गाडा आपल्याकडेही आहे. पुण्याजवळ दिघीला डीआरडीओची लष्करी अभियांत्रिकीची संस्था आहे. तिथल्या लोकांनी टी-72 रणगाड्यावर तो बांधलाय. काका हेही सांगतात, पण त्यांचं लक्ष त्या पालथ्या माणसाच्या डाव्या कोपराकडे आहे. तिथं रंग उडालाय. ते ब्रश शोधतात.

यंदा घरच्या गणपतीपुढे दोन्ही मॉडेलं शेजारी शेजारी मांडायची ठरलंय. क्रॅबच्या मागे खऱ्या खडूच्या पुडीच्या दोन रेघा, स्टुअर्टच्या खाली राणे. पुतण्याचा आग्रह क्रॅब पुढे ठेवायचा, तो दिसायला भारी म्हणून. काकांनी अजून होकार दिलेला नाही.

मला विचाराल तर स्टुअर्टच पुढे हवा. साखळ्या, तीस सिलिंडर, 166 कड्या हे सगळं बघताना गाडा किती मोठा ते कळतं. काम किती मोठं होतं ते मात्र पोटाखालच्या त्या माणसाकडे बघितल्यावरच कळतं. आपल्या घरात, शाळेत, मंडळात कुणी रणगाडा बनवत असेल तर त्याला एवढंच सांगा: गाड्याशेजारी एक माणूस ठेव, आणि तो त्याच मापाचा कर.