जखम भरून येते ती कोणाची?

“हाड किती दिवसांत जुळेल?” असे विचारणाऱ्या नातेवाइकांस डॉक्टर आठवडे सांगू शकतात, पक्षाघाताच्या रुग्णाविषयी तसे सांगता येत नाही. या फरकाचे मूळ पुष्कळ अंशी ऊतींच्या घडणीत आहे.

विशिष्ट कार्यासाठी एकत्र आलेल्या पेशींच्या समूहास ऊती म्हणतात. तिचे मुख्य प्रकार चार. त्वचेचा पृष्ठभाग व आतड्याचे अस्तर घडविणारी अभिस्तर ऊती नित्य झिजते, नित्य नवी होते. आतड्याचे अस्तर तर ३ ते ५ दिवसांत बदलते. केमोथेरपीचा आघात झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर होतो. त्या उपचारांत तोंड येते, जुलाब होतात, ते यामुळेच.

हाड, कूर्चा, मेद हे संयोजी ऊतीचे प्रकार. रक्तही त्यांतलेच, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते! हाडास रक्तपुरवठा विपुल असल्याने ते सांधते. गुडघ्यातील कूर्चेत रक्तवाहिन्याच नसल्याने ती झिजली की सहसा भरून येत नाही.

हृदयाच्या स्नायू ऊतीत वर्षाकाठी जेमतेम १ टक्का पेशी नव्या होतात. झटक्यानंतर तेथे व्रण उरतो. मेंदूतील चेता ऊतीच्या मृत पेशींची जागा तर सहसा भरून निघत नाही. उरलेल्या पेशी व्यायामोपचाराने काही काम उचलतात, इतकेच. गुठळी विरघळविणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला वा बोलणे अडखळले, तर “सकाळपर्यंत पाहू” असे न म्हणता सी. टी. स्कॅनची सोय असलेले रुग्णालय तत्काळ गाठावे.