यकृतातील विकर आणि आहारातील कोलीन

कोंबडीच्या पिलांना खाद्यातून कोलीन हे पोषकद्रव्य कमी मिळाले, तर त्यांच्या पायांचे सांधे सुजतात, पाय वाकडे होतात व वाढ खुंटते. म्हणूनच तयार कोंबडीखाद्यात कोलीन मिसळण्याची पद्धत आहे. पिलांइतकीच माणसालाही त्याची गरज असते, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

यकृतातील मेद रक्तावाटे शरीरास पुरविण्यासाठी लेसिथिन लागते व लेसिथिनचा एक घटक कोलीन होय. तो कमी पडला की मेद यकृतातच साचतो. लेसिथिन दिल्याने उंदरांच्या यकृतातील मेदसंचय रोखता येतो, हे टोरांटो येथील चार्ल्स बेस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ साली दाखवून दिले.

माणसाचे यकृत थोडे कोलीन स्वतःच तयार करते. हे कार्य पी. ई. एम. टी. नावाचे विकर करते. त्याचे जनुक आईवडिलांकडून येते, आणि तरुण स्त्रियांच्या शरीरातील इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे ते अधिक कार्यक्षम होते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ५७ व्यक्तींना अत्यल्प कोलीनचा आहार देऊन पाहण्यात आला. त्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. पुरुषांपैकी ७७ टक्के व पाळी थांबलेल्या स्त्रियांपैकी ८० टक्के व्यक्तींच्या यकृतास वा स्नायूंस अपाय झाला. पाळी चालू असलेल्या स्त्रियांत हे प्रमाण ४४ टक्के होते.

तरुण असूनही या स्त्रियांना अपाय का व्हावा? काही स्त्रियांच्या या जनुकात किंचित फरक असतो व ते संप्रेरकास प्रतिसाद देत नाही. पाटाला पाणी आले, तरी दार न उघडल्यास वाफा कोरडाच राहतो, तसेच हे होय. अशा स्त्रीची सारी भिस्त आहारावर असते. गरोदरपणी तर तिला गर्भाचीही गरज भागवावी लागते.

अमेरिकेत १९९८ साली ठरविलेले दैनिक प्रमाण पुरुषांस ५५०, स्त्रियांस ४२५, गरोदर स्त्रीस ४५० व अंगावर पाजणाऱ्या मातेस ५५० मिलिग्रॅम असे आहे. पन्नास ग्रॅमच्या एका अंड्यात सुमारे १४५ मिलिग्रॅम कोलीन असते व ते जवळजवळ सर्व पिवळ्या बलकात असते. मासळी, सोयाबीन, हरभरा, भुईमूग व दूध यांतूनही ते मिळते.

कोणाचे जनुक कसे आहे, हे बाहेरून दिसत नाही. आणि आहार सुधारण्यासाठी ते तपासण्याची आवश्यकताही नाही. यकृतात मेद साचण्यास मद्य, लठ्ठपणा व मधुमेह हीही कारणे असतात; म्हणून विकार आढळल्यास डॉक्टरांचाच सल्ला घ्यावा व गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. अनेक घरांत गृहिणी सर्वांच्या शेवटी उरलेसुरले जेवते. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी घरभेटीच्या वेळी हा विषय अवश्य काढावा. परसातील कोंबड्यांची सारी अंडी बाजारात न पाठविता, त्यांतील काही घरातील गरोदर स्त्रीसाठी राखून ठेवावीत. अंडी न खाणाऱ्या कुटुंबांनी तिच्या ताटात डाळी, सोयाबीन, शेंगदाणे व दूध रोज असेल अशी व्यवस्था करावी.